माफीऐवजी बिअर

वुड्रो टिस्डेलना हवी होती माफी, आणि गाव द्यायला निघालं होतं बिअर. तीही वकील सोबत घेऊन.

"फक्त एक ग्लास हो!" नगराध्यक्षा लोइस विदरबी टिस्डेलांच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "एक तुम्ही, एक ऑफिसर गॅन्यो. समोरासमोर बसायचं, ग्लासाला ग्लास लावायचा, हसायचं, की फोटो. परवा वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांनी अश्शाच भांडणावर हाच तोडगा काढला. तिथे तर केवढी मोठमोठी माणसं होती! आपलं वेस्ट थॉर्नबी काय, एवढंसं गाव. अर्ध्या तासात मिटेल."

"आणि माफी?" टिस्डेलांनी विचारलं.

बाईंनी वकिलाकडे पाहिलं. नगरपालिकेचा वकील हॅस्केल हा लांबट, वाळका माणूस. 'माफी' हा शब्द कानावर पडला की दाढ ठणकल्यासारखा चेहरा करायचा. "माफी म्हटली की चूक आली," तो म्हणाला. "चूक आली की जबाबदारी आली, आणि जबाबदारी आली की कोर्ट आलं. बिअरमध्ये तसलं काही येत नाही."

"मी कोर्टात जाणार नाही, असं लिहून देतो."

"मग तर प्रश्नच मिटला! माफीची गरजच कुठे उरली?"

चुलीपाशी उभ्या असलेल्या ओडेसाबाईंनी डाव भांड्यावर असा काही आपटला की हॅस्केलने आपली फाइल जवळ ओढली.

आता मूळ प्रकार काय झाला होता तो सांगायला हवा, कारण गावात त्याच्या सात-आठ आवृत्त्या फिरत होत्या. टिस्डेल एकतीस वर्षं आमच्या गावचे पोस्टमन. राहायचे मात्र बारा मैलांवरच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर. ऑल्डर स्ट्रीटवरच्या एकोणीस नंबरच्या घरासमोरून रोज जायचे आणि संध्याकाळी बायकोला खबर द्यायचे. "एकोणीस नंबरच्या गुलाबांना कळ्या धरल्यात गं." "एकोणीस नंबरने व्हरांड्याला नवा रंग काढलाय." एकतीस वर्षं हे ऐकून ओडेसाबाईंना तो व्हरांडा न पाहताच पाठ झाला होता. जानेवारीत टिस्डेल निवृत्त झाले, मार्चमध्ये ते घर विकायला निघालं, आणि नवरा-बायकोने पुढचामागचा विचार न करता ते घेऊन टाकलं. ओडेसाबाईंनी व्हरांड्यात पहिल्या दिवशी कुठली वस्तू नेली असेल तर स्वतःची डोलखुर्ची.

जून महिन्याच्या दोन तारखेला, भर सकाळी, टिस्डेल दाराशेजारच्या टपालपेटीचं झाकण नीट करत होते. झाकण डुगडुगत होतं, आणि पोस्टमनच्या स्वतःच्या घरची पेटी डुगडुगते म्हणजे काय! अंगात जुना बनियन, हातात स्क्रूड्रायव्हर. समोरच्या अठरा नंबरच्या घरातून मिसेस लॅथ्रप दुर्बिणीने पक्षी बघत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, जीव काय तो पक्ष्यांत. पिसांच्या रंगावरून पक्षी ओळखण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. माणसांच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं, चेहऱ्यापर्यंत दुर्बीण पोचलीच नाही. फोन केला. सहा मिनिटांत ऑफिसर लिओ गॅन्यो हजर झाला. "ओळखपत्र?" म्हणाला. टिस्डेल म्हणाले, "आत आहे, आणतो," आणि वळले. वळले म्हणून त्याने बेड्या घातल्या. ओडेसाबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचा नवरा स्वतःच्या गुलाबांशेजारी गवतावर गुडघे टेकून बसलेला होता. वीस मिनिटं बसलेला होता.

ज्यांच्या दारी या माणसाने एकतीस वर्षं पत्रं टाकली, नाताळात ज्यांच्या हातची बिस्किटं खाल्ली, त्याच बाईंनी हा फोन केला. निळा शर्ट आणि टोपी उतरली, आणि आतला माणूसच दिसेनासा झाला.

बेड्यांचे वळ चार दिवसांत गेले. गेली नाही ती गुरुवारची नोंद. आमच्याकडे गुरुवारी साप्ताहिक आलं की लोक आधी पोलिसांच्या नोंदी वाचतात. कोणाचं कुत्रं सुटलं, कोणाच्या धुराड्यात रॅकून अडकला, सगळं त्यात असतं. त्या गुरुवारी आलं ते असं: 'मंगळवार, सकाळी १०.४०. ऑल्डर स्ट्रीट, क्र. १९. अनोळखी काळा इसम हत्यारासह दाराशी आढळला. ताब्यात घेतला. आपण घरमालक असल्याचे सांगतो.'

"सांगतो!" टिस्डेल त्या दिवसापासून दिवसातून एकदा तरी म्हणायचे. "सांगतो म्हणे! आहे नव्हे, सांगतो!"

एकतीस वर्षं हेच साप्ताहिक त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून घरोघरी पोचवलं होतं. कुठल्या घरी कोण चष्मा लावून कुठल्या खुर्चीत बसून ते वाचतं, हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. त्या सगळ्या खुर्च्यांपर्यंत आता तो 'सांगतो' गेला होता. आणि ओडेसाबाई दोन महिन्यांत एकदाही व्हरांड्यात बसल्या नव्हत्या. गुलाबांना पाणी घालायचं तर मागच्या दाराने जाऊन, वळसा घेऊन, पटकन घालून परत. डोलखुर्ची नुसती वाऱ्याने हलायची. टिस्डेलना माफी हवी होती ती त्या खुर्चीसाठी. गॅन्योने तोंडाने 'चूक झाली' म्हणावं आणि ते नोंदीत यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि नेमकं तेवढंच सोडून गाव काहीही द्यायला तयार होतं.

"बरं, नाही म्हणाल तर उद्या पेपरात काय येईल?" नगराध्यक्षाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "'टिस्डेलनी समेटाचा हात झिडकारला.' चांगलं दिसेल का ते?"

टिस्डेल बिअर पीत नसत. चाळीस वर्षांत शिवले नव्हते. चर्चचे विश्वस्त होते ते, काही कुठले ऐरेगैरे नव्हते. पण त्यांनी विचार केला, समोरासमोर अर्धा तास बसला की माणूस आहे, काहीतरी बोलेलच. त्यांनी होकार दिला. आणि मग खऱ्या अर्थाने ताप सुरू झाला.

बाईंनी पिशवीतून तीन बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. एकीत फिकट पिवळी बिअर, एकीत काळीकुट्ट, एकीत तांबूस. "आता कोणासमोर कोणती ठेवायची?"

"काळी मिस्टर टिस्डेलांसमोर नको," हॅस्केल झटकन म्हणाला. "लोक म्हणतील, मुद्दाम केलं."

"मग यांना फिकट देऊ या, आणि गॅन्योला काळी."

"छे! म्हणतील, अदलाबदल करून चेष्टा केली."

"दोघांनाही फिकट?"

"म्हणजे गोऱ्यांचीच चलती, असं होईल."

"मग दोघांनाही काळी!"

"पोलिसांची संघटना ऐकून घेणार नाही."

चाळीस मिनिटं हे चाललं. टिस्डेल एकदा बाटल्यांकडे आणि एकदा घड्याळाकडे बघत होते. शेवटी तांबूस ठरली आणि बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"आणि फेस?" ओडेसाबाईंनी पाठ न वळवताच विचारलं. "फेस तर पांढराच येणार. आणि तोही वर! त्याचं काय करताय?"

हॅस्केलने खिशातून पेन काढलं आणि गंभीरपणे लिहून घेतलं: 'ग्लास तिरका धरून ओतणे. फेस शक्यतो नको.'

जागेचाही घोळ झाला. चौकातल्या बागेत करायचं म्हटलं तर बागेत दारू पिणाऱ्याला दंड करायचा नगरपालिकेचाच नियम, आणि दंड करायला येणार गॅन्यो. म्हणून टिस्डेलांचं अंगण ठरलं. मग गॅन्योच्या गणवेशावर खल झाला. गणवेशात पोलिसाने प्यायची नाही, असा कायदा. गणवेश काढला तर फोटोत ओळखणार कोण?

"ते मला विचारा," टिस्डेल म्हणाले. "गणवेश काढला की कोणी ओळखत नाही."

नगराध्यक्षाबाई बाटल्या पिशवीत भरायला लागल्या. मग हॅस्केलने तोड काढली. चार ते साडेचार गॅन्योची ड्यूटी कागदोपत्री बंद. गणवेश, पट्टा, खांद्यावरचा वायरलेस, सगळं असू दे अंगावर, फोटोपुरतं. निघताना त्याने टिस्डेलांच्या हातात एक कागद दिला. दोघांनी काय बोललेलं चालेल, त्याची यादी होती ती. हवा छान आहे. गुलाब छान आहेत. तो एक प्रसंग होता. आपण पुढे जाऊ या. 'खेद' हा शब्द लिहून पुन्हा खोडलेला होता.

टिस्डेल त्या संध्याकाळी चर्चच्या पाद्रीबुवांकडेही जाऊन आले. पाद्रीबुवांनी बराच विचार करून निकाल दिला, "शांतीसाठी एक घोट चालेल. दुसरा घेतलास तर तो तुझ्यासाठी घेतलास असं समजेन."

इथे अजून एक गोष्ट घडली, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. कार्यक्रम शनिवारी चारला ठरला, आणि शेजाऱ्यांनीही यावं म्हणून नगराध्यक्षाबाईंनी ऑल्डर स्ट्रीटवरच्या प्रत्येक घराला बोलावण्याचं पत्र धाडलं. टिस्डेलांच्या जागी आलेला नवा पोस्टमन म्हणजे एक नमुनाच होता. मिसेस लॅथ्रपचं पत्र त्याने बुधवारी टाकलं टिस्डेलांच्या पेटीत.

"जा, समोर देऊन ये," ओडेसाबाई म्हणाल्या.

"जातो."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, पत्र शेकोटीच्या फळीवरच. टिस्डेल दोनदा बूट घालून दारापर्यंत गेले आणि परत आले.

"अरे वुड्रो, रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागत नाहीत!"

"तिच्या पायऱ्या चढायच्या, पेटीशी हात न्यायचा," टिस्डेल म्हणाले. "गेल्या खेपेला पेटीशी हात नेला तेव्हा काय झालं? आणि तेव्हा तर पेटी माझी होती."

ओडेसाबाईंनी पत्र तिथेच राहू दिलं. बर्फात, वादळात, पिसाळलेल्या कुत्र्यांच्या तावडीतून पत्रं पोचवलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक पत्र अडवून ठेवलं होतं, आणि त्याचं त्यालाच इतकं खात होतं की बोलून काय करायचं?

शनिवारी चार वाजता अंगणात टेबल मांडलं. त्यावर ओडेसाबाईंचा चौकड्यांचा टेबलक्लॉथ, दोन ग्लास, बशीत खारी बिस्किटं. गल्लीतली बरीच मंडळी फुटपाथवर जमली होती. बाईंनी ग्लास तिरके धरून तांबूस बिअर ओतली. फेस तरी आलाच. मग सगळ्यांना फुटपाथच्या पलीकडे, झाडांच्या आडोशाला पिटाळलं. "दोघं एकटेच, मनमोकळे बसलेत असं दिसायला हवं!" साप्ताहिकाचा फोटोवाला कुंपणाशी गुडघ्यावर बसला.

गॅन्यो समोर येऊन बसला. चौतीस-पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा गडी, पण बसला असा की जणू तपासणीसाठी आणलाय. एक हात टेबलावर, एक खाली.

"हवा छान आहे," तो म्हणाला.

"छान आहे," टिस्डेल म्हणाले.

"गुलाब छान आहेत."

"त्यांच्याशेजारीच बसवलं होतं तुम्ही मला."

गॅन्योचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने तोंड उघडलं, झाडांआडून बघणाऱ्या हॅस्केलकडे नजर गेली, तोंड मिटलं. "तो एक प्रसंग होता," तो पुटपुटला.

टिस्डेलांच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं सगळं करून हा यादीच वाचणार! ग्लास उचलून त्याच्या ग्लासावर आपटावा, एक घोट घ्यावा आणि 'निघा आता' म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं.

"घोट घ्या! घोट!" झाडामागून नगराध्यक्षाबाई ओरडल्या. "आणि हसा!"

गॅन्योने टेबलाखालचा हात वर काढला, तेवढ्यात त्यातून काहीतरी निसटलं आणि गवतावरून टिस्डेलांच्या बुटाशी येऊन पडलं. टिस्डेलांनी वाकून उचललं. ब्राँझचं, डॉलरच्या नाण्याहून मोठं, घासून गुळगुळीत झालेलं नाणं. मधोमध सहाचा आकडा.

असलं नाणं त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ लूशियस खिशात बाळगायचा. दारू सोडलेली माणसं आठवड्याला एकत्र जमतात, तिथे वर्षाला एक मिळतं. लूशियसकडे अकरापर्यंतची होती. शेवटचं त्याच्याबरोबरच पुरलं.

"सहा वर्षं?" टिस्डेलांनी हळूच विचारलं.

गॅन्योने होकारार्थी मान हलवली. कपाळावर घाम डवरला होता. "साहेबांना माहीत नाही."

"अहो, मग नाही म्हणायचं ना!"

"काय म्हणू, सर? पोलिसाने काळ्या माणसाबरोबर प्यायला नकार दिला, असं छापून आलं असतं." त्याचा आवाज फाटला. "तुमच्यावर आणखी एक अपमान कशाला? म्हटलं, एकच ग्लास. बघू. पण खरं सांगतो, मी एकावर थांबणारा माणूस नाही."

टिस्डेलांनी समोरच्या ग्लासाकडे पाहिलं. प्यायची त्यांना नव्हती, याला नव्हती, आणि दोघं बसले होते एकमेकांची मनं राखायला! हा माणूस त्यांच्या मनगटांना वळ पाडणारा. प्याला असता तर प्याला असता, त्याचं तो बघता. खरंच, क्षणभर त्यांना तसंही वाटलं, नाही असं नाही. पण लूशियस किती वेळा सोडून पुन्हा प्यायला लागला होता, आणि दर वेळी त्याला आणायला कोण गेलं होतं, हेही त्यांनाच माहीत होतं.

"उचला ना ग्लास!" बाईंचा आवाज आला.

गॅन्योने ग्लास उचलला. ग्लास ओठांपर्यंत गेला, आणि टिस्डेल ताडकन उठले. उठले ते टेबल घेऊनच. दोन्ही ग्लास, बिस्किटं, टेबलक्लॉथ, सगळं गॅन्योच्या छातीवर. कुंपणाशी कॅमेरा खटाखट वाजला.

"आई गं!" नगराध्यक्षाबाईंनी डोळे झाकले.

"अरेरे, धक्का लागला," टिस्डेल म्हणाले. पण असलं खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते कोणालाच खरं वाटलं नाही.

गॅन्यो निथळत बसून राहिला. त्याने टिस्डेलांकडे पाहिलं. टिस्डेलांनी मूठ पुढे केली आणि नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. "सांभाळून ठेव बाळा," ते म्हणाले. "सातवं यायचंय."

गॅन्यो काही बोलणार, तोच त्याच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. ठाण्यावरची डार्लीन बोलत होती.

"लिओ, तुझी ड्यूटी बंद आहे ठाऊक आहे, पण दुसरी गाडी तळ्यावर हंसांच्या मागे गेलीय. ऑल्डर स्ट्रीट, एकोणीस नंबर. अंगणात काळा माणूस पोलिसावर हल्ला करतोय असा फोन आहे. जवळपास आहेस का?"

समोरच्या खिडकीतला पडदा हलला.

गॅन्योने बटण दाबलं. "जागेवरच आहे, डार्लीन."

"एवढ्यात? बरं, पोलीस जखमी आहे का?"

"नाही. भिजलाय."

"कोण पोलीस?"

"मी."

"आणि हल्लेखोर?"

"हल्लेखोर नाही. घरमालक आहेत. मिस्टर वुड्रो टिस्डेल. माझ्यावर मेहेरबानी करत होते." गॅन्योने खोल श्वास घेतला. "आणि हे पण लिहून घे. दोन जूनलाही तेच घरमालक होते."

हॅस्केल फुटपाथवरून धावत सुटला. एवढा वाळका माणूस इतक्या जोरात धावू शकतो हे गावाने प्रथमच पाहिलं. "बंद कर! बंद कर ते! लाइन रेकॉर्ड होते!"

"ठाऊक आहे. म्हणूनच बोलतोय," गॅन्यो म्हणाला आणि बटणावरचा अंगठा हलवला नाही. "त्यांनी सांगितलं होतं, ओळखपत्र आत आहे. मी ऐकून घेतलं नाही. त्यांच्या बायकोसमोर त्यांना बेड्या घातल्या. चूक माझी होती."

"हळू सांग रे, टाइप करतेय," डार्लीन म्हणाली. "चूक... कोणाची?"

"माझी. लिओ गॅन्योची."

"...गॅन्योची. झालं. आणखी काही?"

"टॉवेल लागेल," गॅन्यो म्हणाला.

हॅस्केल गुलाबांच्या ताटव्याशी पोचला आणि तिथेच मटकन खाली बसला. योगायोग बघा, बरोबर त्याच जागी. टिस्डेलांनी उलटलेलं टेबल सरळ उभं केलं. दोन महिने ज्या वाक्यासाठी जीव टाकला ते वाक्य असं वायरलेसवरून, बिअरने चिंब झालेल्या माणसाच्या तोंडून येईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दार उघडलं. पुढचं दार. ओडेसाबाई बर्फ घातलेल्या गोड चहाची सुरई आणि टॉवेल घेऊन बाहेर आल्या. टॉवेल गॅन्योच्या अंगावर टाकला. "पूस. आणि तो टेबलक्लॉथ माझ्या आईचा होता, तो तू धुऊन आणायचास, इस्त्री करून." मग त्या व्हरांड्यात गेल्या, डोलखुर्चीवरची धूळ पदराने झटकावी तशी एप्रनने झटकली, आणि बसल्या. खुर्ची कुरकुरली. "अहो वकील," त्या म्हणाल्या, "उठा तिथून, माझ्या कळ्या मोडाल."

टिस्डेल आत गेले आणि फळीवरचं पत्र घेऊन आले. रस्ता ओलांडला. सगळी गल्ली बघत होती. समोरच्या पाच पायऱ्या चढले आणि, पेटीला हात न लावता, घंटा वाजवली.

मिसेस लॅथ्रपनी साखळी न काढता फटीतून पाहिलं. आधी पत्र दिसलं, मग पत्र धरलेला हात, आणि मग चेहरा. साखळी खळकन निघाली.

"अगं बाई, वुड्रो! किती दिवसांनी! तो नवा मुलगा काही कामाचा नाही रे, तुझी फार आठवण येते. आणि बरं झालं आलास, तुला सांगायचंच होतं. समोर एकोणीस नंबरला कोणीतरी माणूस येऊन राहिलाय. जरा जपून राहा हो! आत्ताच त्याने पोलिसाला मारलं, मी डोळ्यांनी पाहिलं!"

"तो मीच, मिसेस लॅथ्रप," टिस्डेल म्हणाले. "मीच राहतो तिथे. मार्चपासून. जूनमध्येही मीच होतो."

म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग रस्त्यापलीकडे पाहिलं. गळ्यातली दुर्बीण उचलली, आणि डोळ्यांपर्यंत न नेताच खाली सोडली. त्यांनी पत्र उघडलं आणि नाकाशी धरून वाचलं.

"शेजाऱ्याच्या अंगणात या, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "चार वाजता. उशीर झाला का रे?"

"तीन दिवस उशीर झाला. तो माझ्यामुळे. पत्र मी अडवून ठेवलं होतं." टिस्डेलांनी हात पुढे केला. "बिअर सांडली. चहा आहे. पायऱ्या सांभाळून उतरा."

पुढच्या गुरुवारी साप्ताहिक आलं. पहिल्या पानावर गॅन्योच्या छातीवर बिअर उडतानाचा मोठा फोटो होता आणि खाली नगराध्यक्षाबाईंचं 'समेट यशस्वी' असं निवेदन. आमच्या गावात ते कोणी वाचलं नाही. सगळ्यांनी आधी आतलं पान उघडलं. ओडेसाबाईंनीही व्हरांड्यात, डोलखुर्चीत बसून, शेजारच्या खुर्चीतल्या मिसेस लॅथ्रपना ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग टिस्डेलनी ते कात्रीने कापून टपालपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. अजून आहे तिथे:

'शनिवार, दुपारी ४.२०. ऑल्डर स्ट्रीट, क्र. १९. अंगणात दोन इसम बिअर न पिता बसलेले आढळले. एक पोलीस, आपण चुकलो असे सांगतो. दुसरा घरमालक. आहे.'